सरांकडची लाह

८ जुलै २०२४

श्री. राजेंद्र सर यांस,

नमस्कार. मजकूर कामाचा आहे म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

तुम्ही शहाद्याला गेल्यावर दहावीचं गणित कोणाला द्यायचं यावर हेडमास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि ते माझ्या गळ्यात घातलं. मी म्हटलं, मी मराठीची बाई. तर म्हणाले, "मॅडम, घरात गणिताचे सर होते, थोडंफार कानावरून गेलंच असेल." कानावरून काय गेलं ते मलाच माहीत. भाजीत मीठ कमी आहे एवढं गेलं.

तेव्हा वर्गसमीकरणं पूर्ण वर्ग पद्धतीने कशी सोडवायची ते सविस्तर, एकही पायरी न गाळता लिहून पाठवावं. तुम्हाला पायऱ्या गाळायची सवय आहे. पोरांचं जाऊ द्या, मलाच कळत नाही.

पत्र जालमसिंगच्या जीपने पाठवते आहे. तो शहाद्याला तुमच्या क्लासखालीच गाडी लावतो, उत्तर त्याच्याकडेच द्या. टेकडीवर चढून फोन लावला होता. तुम्ही उचलला नाही किंवा रेंज गेली. रेंज गेली असंच मी धरते.

आपली,
आशा (सहायक शिक्षिका)

ता. क. जेवता ना वेळेवर? हा प्रश्न कामाचा नाही. उत्तर दिलं नाही तरी चालेल.


२७ जुलै

सर,

पाकीट मिळालं. आत उदाहरणं, आणि फक्त उदाहरणं. कागद उलटून पाहिला, मागे कोरा. पाकिटातही बोट घालून पाहिलं. असो. पायऱ्या मात्र एकही गाळलेली नाही, त्याबद्दल आभार.

आता पोरांचं ऐका. तुम्ही म्हणायचात तेव्हा मला वाटायचं की तुम्ही तिखटमीठ लावून सांगताय. मराठीच्या तासाला पोरं निदान गोष्ट तरी ऐकतात. गणिताच्या तासाला समोर वीस-बावीस पालथे घडे बसतात. काल दिलेला अभ्यास कोणी केला? कोणी नाही. वही? घरी. पुस्तक? घरी. घरी कोण वाचतंय ते, बकऱ्या? यावर हसतात. मग मी चिडते, मग ती खाली बघतात, मग घंटा होते. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

करमसिंग आठवतो ना, उंच, शेवटच्या बाकावरचा? त्याला विचारलं, "अभ्यास का नाही केलास?" तो म्हणाला, "कोणीच नाही केला, मॅडम." मला समजावतोय असा आवाज. मी त्याला म्हटलं, कोणीच नाही जेवलं तर तूही जेवणार नाहीस का? तो म्हणाला, "नाही जेवणार." आता या उत्तराला मारू का पूजा करू?

आणि ती रेवा. पहिल्या बाकावर बसते, डोळे फळ्यावर, मान हलवते, वाटतं हिला सगळं समजलं. विचारलं की मुकी. तिचा मला सगळ्यांत जास्त राग येतो.

परवा आईचा फोन लागला. रनाळ्याहून ओरडत होती, "तुन्हा नवरा तठे, तू आठे. हाऊ काय संसार शे?" मी सांगितलं की सर कामासाठी गेलेत. तिला खोटं बोललेलं लगेच कळतं.

खरं तर तिला काय सांगणार? निकाल लागला, गणितात वर्ग झोपला, तुम्ही तीन दिवस बोलला नाहीत आणि चौथ्या दिवशी म्हणालात, "मन्हाकडथीन आते व्हत नही." इथवर मला समजतं. पण मी शाळेतून आले तर दोघांचं सामान बांधून ठेवलेलं. विचारलं नाहीत, सांगितलंही नाहीत. बारा वर्षं शेजारच्या वर्गात उभी होते मी, तुमच्या ट्रंकेत नव्हते. मी माझी पिशवी सोडली आणि तुम्ही तुमची उचलली. यात आईला सांगण्यासारखं काय आहे?

हे सगळं कामाचं नाही. खोडलं तर पान घाण होईल म्हणून राहू देते. पुढचं प्रकरण अंकगणिती श्रेढी.

आशा


२० ऑगस्ट

सर,

श्रेढीचे कागद मिळाले. मागची बाजू पुन्हा कोरी. कागद महाग झालाय, दोन्ही बाजूंनी लिहीत चला.

मी एक युक्ती केली आणि ती अंगाशी आली, ते सांगते. एकच अभ्यास सगळ्यांना दिला की कोणीच करत नाही, म्हणून मी प्रत्येकाला वेगळं उदाहरण दिलं. चिठ्ठीवर नाव घालून. म्हटलं, आता बघते कोण कोणामागे लपतं ते. तुझं तू करायचं आणि फळ्यावर येऊन समजावून सांगायचं.

दुसऱ्या दिवशी करमसिंग उठला आणि उदाहरण सोडवून मोकळा झाला. नुसतं सोडवलं नाही, पायरी न् पायरी सांगितली. मी खूश. म्हटलं, पुढचा. पुढचा उभा राहिला तो उभाच. त्याच्या पुढचाही. सगळा वर्ग उभा, आणि चेहऱ्यावर लाज म्हणाल तर तीळभर नाही. उलट लग्न पार पाडून आल्यासारखे निवांत.

त्याच्या पुढच्या दिवशी करमसिंग सोडून दुसराच एक तयार, आणि बाकीचे उभे. तिसऱ्या दिवशी तिसरा. रोज एकच, दोन आठवडे हेच. मला वाटलं, ठरवून छळतात. मी त्या रागात सगळ्यांना पडवीत उभं केलं, पाऊस आडवा येत होता तरी. रेवाला तर सगळ्यांदेखत म्हटलं, "प्रत्येकाचा एकदा तरी दिवस येतो, तुझा कधीच कसा येत नाही?" तिने ओढणीने डोकं झाकलं आणि पाऊस बघत राहिली.

घरी आले आणि तुम्ही जायच्या आधी बसायचात त्या खुर्चीत बसले. तुम्ही इथे बसून रोज हेच गिळलं असेल. तुमचा राग अजून आहे, पण तुमच्या रागाचा राग थोडा कमी झाला.

आशा


३ सप्टेंबर

सर,

बसून वाचा.

रविवारी मी भाजीला म्हणून खालच्या पाड्यावर गेले होते. एका घरासमोर पंधरा-वीस जोडी चपला. मला वाटलं, कोणी आजारी आहे की काय. डोकावले तर माझा दहावीचा वर्ग. सगळा. मध्ये एक वही, तिच्याभोवती गर्दी, आणि घरची बाई चुलीवर भाकरी टाकतेय.

मी विचारलं, काय चाललंय? करमसिंग म्हणाला, "लाह आहे, मॅडम."

लाह तुम्हाला माहीत आहे, आपण दोघांनी बारा वर्षं पडवीतून बघितली आहे. एकाच्या शेतातली निंदणी आली की सगळा पाडा त्याच्या शेतात उतरतो. मजुरी नाही, त्या दिवशीचं जेवण तेवढं त्याच्या घरी. उद्या दुसऱ्याचं शेत. आपण काय म्हणायचो? किती छान एकी आहे. आणि चहा प्यायचो.

तर मी प्रत्येकाला वेगळं उदाहरण दिलं, म्हणजे त्यांच्या हिशेबी प्रत्येकाला वेगळं शेत दिलं. मग ते काय करणार? आज एकाच्या शेतात सगळे उतरले. ते निंदून झालं, उद्या दुसऱ्याचं. ज्याचं झालं तो वर्गात उभा राहतो, बाकीच्यांचा नंबर अजून यायचाय. यात लाजण्यासारखं काय आहे? शेत अर्धवट राहिलं तर लाज, नंबर न येण्याची कसली लाज.

मी विचारलं, "मग आधी सगळ्यांना एकच अभ्यास द्यायचे तेव्हा का नाही केलात?" एक पोरगी म्हणाली, "ते कोणाचं होतं, मॅडम? कोणाच्या घरी जायचं?"

सर, मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि हसले. नंतर रडूही आलं, पण ते चुलीच्या धुराने असं मी पोरांना सांगितलं. मला पहिल्यांदा तुमच्याकडे धावत यावंसं वाटलं. हे फक्त तुम्हालाच कळलं असतं. हेडमास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे सामूहिक कॉपी." त्यांना काय सांगणार, कप्पाळ.

माझ्यापुढे भाकरी आणि ठेचा आला. मी जेवले. जेवल्यावर करमसिंग म्हणाला, "जेवलात, आता बसावं लागेल." म्हणून मीही त्या वहीभोवती बसले. श्रेढीतलं विसावं पद मला तिथे समजलं. तुमच्या कागदावरून समजलं नव्हतं, हे राग मानू नका.

आशा


१६ ऑक्टोबर

अहो सर,

या वेळी कागदाच्या मागे एक ओळ होती. "मुलं आता तयारी करून येतात का?" एवढीच. मी ती ओळ किती वेळा वाचली ते विचारू नका. सहा शब्दांचं पत्र लिहिणारा नवरा मिळायला नशीब लागतं.

येतात. रोज एक येतो. पण त्याच्यासाठी सगळे रात्रीचे बसलेले असतात, त्यामुळे मधेच दुसऱ्याला उठवलं तरी कालचं येतं, परवाचंही येतं. आता मी फक्त चिठ्ठ्या देते. कोणी कुठे जायचं ते तेच ठरवतात, त्यात मी पडत नाही.

एकच घर लागत नव्हतं. रेवाचं. सगळ्यांकडे जाते, सगळ्यांत आधी पोचते, सगळ्यांना समजावते. हो, तीच. वर्गात मुकी आणि लाहमध्ये तोंडाला खळ नाही. पण "माझ्याकडे या" म्हणत नाही. विचारत विचारत कळलं. आईबाप गुजरातेत कामाला, ही काकीकडे राहते, मंगलाबाईकडे. काकीला स्वतःची चार. वीस पोरांना जेवू घालायला सांगायचं कोणत्या तोंडाने? लाह बोलावली आणि जेवण नाही घातलं तर ती लाह कसली. म्हणून ही आपलं शेत पडीक ठेवून दुसऱ्यांची निंदत बसली, आणि मी तिला पावसात उभं केलं.

मी मंगलाबाईला जाऊन म्हटलं, रेवाची लाह माझ्या घरी. ती म्हणाली, "तुम्ही कोण तिच्या?" बरोबर विचारलं. मी म्हटलं, मीपण एकटीच राहते, आमचं दोघींचं मिळून एक घर धरा. तिने डाळीचा डबा उघडून आत पाहिलं. मग म्हणाली, "डाळ मी देते."

तर काल आपल्या घरी लाह झाली. वरण-बट्टी केली. बट्ट्या भाजायचं काम नेहमी तुमचं, त्यामुळे माझ्या बाहेरून कोळसा आणि आतून पीठ. पोरांनी चकार शब्द न काढता खाल्ल्या. रेवाने तर दोनदा घेतल्या, घरची मालकीण म्हणून. तुम्ही जिथे आरसा लावायचात तिथे तिने भिंतीवर खडूने वर्तुळ काढलं. पुसलं नाही अजून.

आज तिने फळ्यावर स्पर्शिकेचं प्रमेय सिद्ध केलं. एकही पायरी गाळली नाही. तुम्ही असायला हवे होतात. हे मी रागाने लिहीत नाही, नुसतं लिहितेय.

तुमची,
आशा


१२ डिसेंबर

अहो,

आता पत्राच्या मागे तुम्ही चार ओळी लिहिता. क्लासमधली साठ पोरं सगळं पाठ करून येतात, विचारलं की धडाधड म्हणतात, आणि उदाहरणातला आकडा बदलला की तुमच्या तोंडाकडे बघतात. तुम्ही लिहिलंत, "तयारी म्हणजे काय हे मला आता समजेनासं झालंय." हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. मी काही साध्वी नाही.

खोलीवर स्वयंपाक करत नाही, डबा लावलाय, हेही लिहिलंत. डब्यातल्या भाजीत मीठ कमी असतं का?

इथे ऊसतोडीला बरेच आईबाप गेले. या वर्षी दहावीतलं एकही पोर त्यांच्याबरोबर गेलं नाही. करमसिंगच्या बापाने त्याला नेण्यासाठी जीप थांबवली होती. तर हा म्हणाला, "माझ्याकडे सगळे येऊन गेलेत, मला त्यांच्याकडे जायचं राहिलंय." बाप एकटाच जीपमध्ये बसला. शाळा सोडू नको हे मी करमसिंगला महिनाभर सांगत होते, ते त्याने एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं होतं.

आता खरी गोष्ट. काल त्रिकोणमिती घेताना मी तुमचा कागद हातात धरून शिकवत होते. रेवाने हात वर केला. आता ती हात वर करते. म्हणाली, "मॅडम, तुमचं कोण करून देतं?" मी म्हटलं, सर. "पहिल्यापासून?" पहिल्यापासून. वर्गात कुजबुज झाली. मग करमसिंग उभा राहिला. म्हणाला, "म्हणजे सर आपल्याकडे इतक्या वेळा लाहला आले. मग सरांकडे कोण गेलं?"

मी सांगायचा प्रयत्न केला की सरांचं इथे शेत नाही, सर शहाद्याला असतात. तर म्हणे, "सरांचं काही काम नसेल का?" लाहला आलेल्याकडे परत जावंच लागतं. न गेलेल्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कोणी येत नाही. आणि निरोप धाडून चालत नाही, दारात जाऊन उभं राहावं लागतं.

मी त्यांना म्हटलं, परीक्षा होऊ द्या मग बघू. पोरं हो म्हणाली. पण रेवा माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच अभ्यास न करता वर्गात आलेय.

आशा


२३ मार्च २०२५, शहादा

अहो,

परीक्षा संपली. गणिताचे दोन्ही पेपर झाले त्या दिवशी पोरं केंद्राबाहेर आली आणि लगेच होळीच्या गप्पांना लागली. मी विचारलं, कसा गेला? करमसिंग म्हणाला, "सगळ्यांना गेला." म्हणजे चांगला की वाईट कोण जाणे. निकाल मे महिन्यात. रेवाने सगळे प्रश्न सोडवले म्हणाली, आणि ती खोटं बोलत नाही.

मी तुमच्या खोलीच्या पायरीवर बसून हे लिहितेय. दुपारच्या गाडीने उतरले. शेजारच्या रुक्मिणीबाईंनी सांगितलं की तुमचा क्लास साडेसहाला सुटतो. त्यांनी चहा दिला, आणि तुम्ही कोण असं विचारलं. मी म्हटलं, सरांच्या घरची. त्या म्हणाल्या, "सर तर सांगत होते, बाई डोंगरात शिकवते, लई हुशार." तुम्ही हे असं लोकांना सांगता आणि मला कागदावर समीकरणं पाठवता.

सगळी पोरं यायला निघाली होती. जीपच्या टपावर बसायची तयारी. मी त्यांना म्हटलं, पहिल्यांदा मला एकटीला जाऊ द्या. रेवाने सांगितलं, दारात गेलात की आधी कामच विचारायचं, इकडचं तिकडचं बोलत बसायचं नाही.

तर विचारते. तुमचं काय काम आहे? खोली झाडायची असेल, डबा बंद करून चूल मांडायची असेल, त्या साठ पोरांना आकडे बदलून कसं शिकवायचं ते बसून ठरवायचं असेल, किंवा तीन दिवस कोणाशी बोलला नसाल तर ते बोलायचं असेल. मी करायला आलेय. जेवण तुमच्याकडे.

मी खाली राहायला येते असं म्हणत नाही, जूनमध्ये नवी दहावी येतेय. तुम्ही वर या असंही म्हणत नाही, ते तुम्ही ठरवा, या वेळी मला विचारून ठरवा. लाहमध्ये कोणी कोणाच्या घरी कायमचं जात नाही. आज तुमच्याकडे, येत्या रविवारी माझ्याकडे. एवढं जमेल का आपल्याला? मला वाटतं जमेल. मला तुमच्यावाचून करमत नाही हो. हे जुलैमध्येच लिहायचं होतं, पण मी पूर्ण वर्ग पद्धत विचारत बसले.

आता एकही गणित उरलं नाही. मला सगळं येतं, चिठ्ठी काढून विचारा हवं तर. म्हणजे तुमच्याकडे येण्याचं कामाचं असं एकही कारण माझ्याकडे नाही.

साडेसहा वाजून गेले. वर आपल्याकडे जाणारी धडगावची शेवटची गाडी मघाशीच गेली, मी बघत बसले होते. हे पत्र दाराखालून सरकवावं असं मनात आलं होतं, म्हणजे तुम्ही वाचाल तेव्हा मी समोर नसेन. तसं करत नाही. गल्लीच्या तोंडाशी कोणी सायकलवरून उतरतंय, आणि चाल तुमचीच आहे. हातातच देते.

आशा